हाडाचं की ताटाचं

आप्पांनी मला आधी काट्यावर उभं केलं आणि मग खोली दाखवली. लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायला मी नांदेडहून नुकतीच आले होते. खोल्या बघून बघून पायांचे तुकडे पडले होते, आणि हे गृहस्थ ओसरीत ठेवलेल्या, पोती तोलायच्या काट्याकडे बोट दाखवून म्हणत होते, "मॅडम, चपला काढा आन् चढा वर." माणूस वेडा आहे हे मला तेव्हाच कळलं. पण खोली हवेशीर होती, नळाला पाणी येत होतं, आणि लातुरात त्यापुढे बाकी गोष्टींकडे काणाडोळा करावा लागतो. मी चढले. आकडा बघून आप्पांचा चेहरा असा झाला, की जणू कुणी त्यांना मापात मारलं. त्यांनी आत वळून हाक दिली, "अगं, ही पोरगी बघ, नुस्ती काडी हाय. सांच्याला हिचं ताट हितंच वाढा."

त्या दिवसापासून मी त्या घरात भाडेकरू कमी आणि जेवणारी जास्त झाले.

आप्पांची डाळ मिल होती. होती म्हणजे अजून आहे, पण कारभार मुलाकडे. सकाळी आंघोळ, कपाळाला विभूती, लिंगपूजा, मग मिलमध्ये एक फेरी. तिथे तुरीची मूठ हातात घ्यायची, दोन दाणे दाताखाली फोडायचे, माल वाळलाय की ओला आहे ते सांगायचं आणि घरी परतायचं. उरलेला दिवस मोकळा. मोकळ्या माणसाला काहीतरी नाद लागतोच. कुणी भजनी मंडळात जातं, कुणी पारावर बसून सरकार चालवतं. आप्पांना माणसांच्या वजनाचा नाद लागला होता.

नाद म्हणजे साधासुधा नाही. ओसरीवर आलेला माणूस पोस्टमन असो की व्याही, काट्यावर चढल्याशिवाय त्याला चहा मिळत नसे. लग्नाला गेले की आप्पा नवरा-नवरीकडे ढुंकूनही बघायचे नाहीत, पंगतीकडे बघत बसायचे. "ते बघा मॅडम. आजी, आई, पोरगी. तिघी बी एका मापाच्या. आता त्यांच्या बाजूचा जावई बघा. लग्नात लई बारीक होता, म्या माझ्या डोळ्यानं बघितलाय. त्याच्या अंगावर सासरचं हाड कसं काय चढलं?" एकदा तर त्यांनी एका अनोळखी बाईंना सरळ विचारलं, की तुमच्या माहेरचे लोक जाड आहेत का सासरचे. बाईंनी जे उत्तर दिलं ते लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, आप्पांबरोबर लग्नाला जाणं बंद केलं.

त्यात कुचेष्टा नव्हती, हे मला पुढे पुढे कळत गेलं. त्यांना खरोखरच कोडं पडलेलं असे. लहान मूल घड्याळ उघडून बघतं, तसे ते माणसाकडे बघत.

आणि कोडं घरातलंच होतं. आप्पा स्वतः भरभक्कम. काकूही तशाच. मुलगा आणि सून, जिला मी वहिनी म्हणायचे, तेही त्याच मापाचे. नात शिवानी अकरावीत होती, डॉक्टर व्हायचं म्हणून माझ्याच क्लासला यायची, गोरीपान, गुटगुटीत. त्या घरच्या जिन्यात दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे फिरावं लागे. या सगळ्याचं एक ठरलेलं स्पष्टीकरण घरात होतं आणि ते येईल-जाईल त्याला ऐकवलं जाई: "आमच्या घराण्याचं हाडच जड हाय." यावर वाद नव्हता. वाद घालायला तोंड रिकामं कुठे असायचं?

एके दिवशी आप्पा गुडघे धरत धरत वर माझ्या खोलीत आले. त्यांच्या हातात मोबाईल होता आणि मोबाईलवर कुणीतरी पाठवलेला रंगीत तक्ता. "मॅडम, तुम्ही बायलॉजीवाल्या. ही बीएमआयची काय भानगड हाय?"

मी समजावून सांगितलं. किलोतलं वजन घ्यायचं, मीटरमधल्या उंचीनं एकदा भागायचं, आलेल्या उत्तराला पुन्हा त्याच उंचीनं भागायचं. उंच माणूस वजनदार असणारच, म्हणून उंचीचा हिशेब धरायचा, एवढंच. आप्पा खूश होऊन खाली गेले. खाली बराच वेळ काट्याची खडखड चालली होती. संध्याकाळी मी जेवायला गेले तर घरात सणासारखं वातावरण. अख्खं घर तक्त्यातल्या हिरव्या, म्हणजे योग्य वजनाच्या, पट्ट्यात बसलं होतं. आप्पासुद्धा!

"आप्पा, हे शक्य नाही," मी म्हणाले. "कसं केलंत सांगा बरं."

त्यांनी सांगितलं. उंची मोजली होती बरोबर, फक्त टोपीसकट. वजन केलं होतं बरोबर. मग त्यातून बारदाना वजा केला होता.

"बारदाना?"

"मंग? मालाचं वजन करताना पोत्याचं वजन कापत न्हाईत का? माणसाचं पोतं म्हणजे हाड. गळ्यातली लिंगाची चांदीची डबी कापली, हाडं कापली. आमचं हाड जड, म्हणून जरा जास्ती कापलं. लोकांचं कमी कापायचं."

मी डोक्याला हात लावला. सगळ्यांनाच हाडं असतात, ती त्या सूत्रात धरलेलीच आहेत, जड हाड आणि हलकं हाड यांत फार तर थोडासा फरक असतो, असं परोपरीनं सांगितलं. आप्पा ऐकून घेईनात. बारदाना न कापता वजन करणं म्हणजे त्यांच्या दृष्टीनं गिऱ्हाइकाला फसवणं होतं, आणि आयुष्यभर त्यांनी ते केलं नव्हतं. शेवटी मी त्यांच्या मिलच्याच भाषेत शिरले. म्हटलं, "आप्पा, बीएमआय ही नुसती चाळणी आहे. चाळणीवर मोठा दाणा आणि बारीक दाणा वेगळा होतो. दाणा किडका आहे की चांगला, हे चाळणी सांगते का? ते फोडूनच बघावं लागतं. माणसाचं तसंच. पोटाचा घेर, रक्तातली साखर, दम लागतो का, हे सगळं बघायचं. पण चाळणी लावायची तर सगळ्यांना सारखी लावायची."

चाळणी त्यांना पटली. दुसऱ्या दिवशी त्यांनी बारदाना न कापता, टोपी काढून, पुन्हा सगळं केलं. त्या रात्री हिरव्या पट्ट्यात घरातलं कुणीच उरलं नव्हतं, पण जेवले सगळे नेहमीसारखेच.

त्या घरातलं जेवण हा एक वेगळाच प्रकार होता. ताटात मोकळी जागा दिसली की ती भरायची, असा तिथला दंडक. कुणी विचारत नसे. काकू किंवा वहिनी पाठीमागून यायच्या आणि भाकरी पडायची. हाताने ताट झाकलं तर हातावर पडायची. "पुरे" हा शब्द त्या घरात "अजून थोडं" अशा अर्थानं ऐकला जायचा. येळवसेला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला, त्यांच्या शेतात गेलो तेव्हा कडब्याच्या खोपीत बसवून त्यांनी मला भज्जी, उंडे, आंबील आणि गव्हाची खीर असं काही खाऊ घातलं, की परत येताना गाडीत मला श्वास घ्यायला जागा उरली नव्हती. मी नको म्हटलं की काकूंचा चेहरा पडायचा. मला त्या चेहऱ्याची भीती वाटायची, म्हणून मी खायचे.

वर्षभरानंतर आप्पांनी मला पुन्हा काट्यावर चढवलं. आकडा बघून मी हादरले आणि आप्पा चमकले.

"मॅडम, तुमचं आमचं रक्त एक न्हाई."

"नाही."

"हाड एक न्हाई."

"नाही आप्पा."

"मंग तुम्ही आमच्यावानी कशा काय होऊन राहिलात?"

मी ओसरीखाली पसरलेल्या त्यांच्या कुत्र्याकडे बोट दाखवलं. त्या कुत्र्याला उठायचं असलं की आधी विचार करावा लागे. "त्याचं तरी कुठे घराण्याचं हाड आहे?" मी म्हणाले. आप्पा कुत्र्याकडे बघत राहिले. मग त्यांनी त्याला उचलून काट्यावर ठेवलं आणि आकडा बघितला. बारदान्यानंतर घराण्याच्या हाडाला बसलेला हा दुसरा धक्का होता.

पण ते सहज हार मानणारे नव्हते. चार दिवसांनी नवीन शंका घेऊन आले. शिवानीचा थोरला भाऊ पुण्याला शिकायला होता, तो वेताच्या छडीसारखा. "तो बी ह्याच ताटात वाढला की! शिवानीपेक्षा दुप्पट खायचा. त्याला का न्हाई लागलं?" प्रश्न रास्त होता. मी सांगितलं की दोन्ही गोष्टी असतात. शरीराची ठेवण आईबापांकडून येते, कुणाला लवकर लागतं, कुणाला लागत नाही. आणि घराच्या सवयी त्यावर चढतात. किती खायचं, कसं खायचं, किती हलायचं. अडचण अशी, की आईबाप रक्तही देतात आणि ताटही वाढून देतात. त्यातलं कुठलं कशामुळे, हे सोडवून दाखवणं अवघड.

"म्हणजे एका घरचं बी दुसऱ्या घरी पेरल्याबिगर कळायचं न्हाई."

"बरोबर. म्हणून शास्त्रज्ञ दत्तक गेलेल्या मुलांचा अभ्यास करतात."

मी सहज बोलून गेले. आप्पा लगेच उठले आणि गुडघे धरत जिना उतरून गेले. मला वाटलं, कंटाळले.

त्याच सुमाराला शिवानीचं ते प्रकरण झालं. तिच्या कॉलेजात आरोग्य तपासणी झाली. कुणीतरी तिची उंची-वजन घेऊन सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगितलं की ओव्हरवेट. वाढत्या वयाच्या मुलांना मोठ्यांचा तक्ता लावायचा नसतो, त्यांचं वयाप्रमाणे वेगळं बघायचं असतं. पण मुली हसल्या त्या हसल्या. शिवानीनं जेवण सोडलं. सरळ सोडलं असतं तर घरात लगेच कळलं असतं. तिनं युक्ती केली. ताटात पडलेली भाकरी हळूच ओढणीत घ्यायची आणि नंतर कुत्र्याला घालायची. कुत्रं अजून जाड झालं आणि पोरगी माझ्या तासाला, मी फळ्यावर पेशीचं चित्र काढत असताना, बाकावरून खाली कोसळली.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. वजन थोडंसं जास्त आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, चालणं-फिरणं वाढवा, तळलेलं कमी करा. पण हे जे उपाशी राहणं चाललंय ते लगेच थांबलं नाही तर मुलीचं मोठं नुकसान होईल. घरच्यांनी यावर त्यांना येणारा एकमेव इलाज केला. वाढणं दुप्पट केलं. काकू रडत वाढायच्या, वहिनी रागावून वाढायच्या, आणि शिवानी भिंतीकडे तोंड करून बसायची.

एका संध्याकाळी ती ओसरीत आप्पांसमोर येऊन उभी राहिली. मी पायरीवर होते. "आप्पा, तुम्ही सगळ्यांचं शोधून राहिलात ना? मला खरं सांगा. हे माझ्या रक्तातच हाय का? असंल तर मी खाल्लं काय, न्हाई खाल्लं काय, मी तुमच्यासारखीच होणार. मंग मला जेवायला कशापाई सांगता?"

  आप्पांनी काट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांचा तो मोठा देह खुर्चीत एकदम लहान दिसायला लागला. मला त्यांची फार दया आली, आणि पोरीची तर त्याहून जास्त. मग ते म्हणाले, "रविवारी भोकरला जायचं. तू बी चल. मॅडम, तुम्ही बी."

भोकरला काय आहे, ते मला काकूंनी सांगितलं. आप्पांना एक पाठचा भाऊ होता. लहानपणीच त्याला भोकरजवळच्या खेड्यात, मूलबाळ नसलेल्या मावशीकडे दत्तक दिलं होतं. "भांडण न्हाई वो मॅडम," काकू म्हणाल्या. "पर आमच्या सासूबाई, म्हणजे अव्वा, होत्या तवर त्यांच्यासमोर त्या लेकाचं नाव काढायची सोय नव्हती. नाव निघालं की त्या उठून आत जायच्या. मंग नाव न काढायची सवयच पडली सगळ्यांना. सासूबाई वारल्या तवा मातीला आले होते, तेच शेवटचं."

म्हणजे एका घरचं बी दुसऱ्या घरी पेरलेलं होतं आणि आप्पांना ते पहिल्यापासून ठाऊक होतं. इतकी माणसं तोलली, फक्त त्या एका माणसाकडे गेले नव्हते.

रविवारी निघालो. आप्पांनी गाडीत एक छोटा घरगुती काटा घेतला होता आणि तो मांडीवर धरून बसले होते. नांदेडला थांबून त्यांनी अर्धापूरच्या केळ्यांच्या दोन फण्या घेतल्या, मग अजून दोन घेतल्या.  शिवानी खिडकीला डोकं लावून बसली होती. तिच्या हाताची हाडं दिसायला लागली होती.

भाऊ अंगणातच होता. गावात त्यांना तात्या म्हणत. तोच कपाळाचा आकार, तेच मोठे कान, तोच खर्जातला आवाज, पण अंग निम्मं. दोघं समोरासमोर उभे राहिले तर एकाच माणसाचे दोन काळातले फोटो शेजारी लावल्यासारखे वाटत होते. तात्या पाया पडायला वाकले. आप्पांनी त्यांना उठवलं, आणि मला वाटलं आता मिठी मारतील. त्यांनी पिशवीतून काटा काढला.

"चढ."

"अण्णा," तात्या थोरल्या भावाला म्हणाले, "इतक्या सालांनी आलास, ते भेटाया का मला तोलाया?"

"आधी चढ. मंग सांगतो."

तात्या हसत चढले. आप्पांनी आकडा वाचला, तात्यांना भिंतीला टेकवून उंची घेतली, आणि मनातल्या मनात भागाकार केला. बारदाना कापला नाही. मग ते असे ओरडले की शेजारची म्हैस दावं ओढायला लागली. "ताट! मॅडम, ताट! हाड न्हाई! शिवानी, बघ बाळा, हा माझा सख्खा पाठचा भाऊ. एका आईचे आम्ही. रक्तात न्हाई गं, रक्तात काय बी न्हाई!"

एका माणसावरून असं काही सिद्ध होत नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. त्यांचा चेहरा बघून मिटलं.

तात्यांना काही उमगेना. तेव्हा शिवानीनंच त्यांना सगळं सांगितलं, आरोग्य तपासणीपासून माझ्या तासाला पडण्यापर्यंत. अनोळखी माणसाला सांगणं तिला सोपं गेलं असावं. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग खाटेवर बसले आणि म्हणाले, "अण्णा, मी बारीक हाय, पर तू म्हणतोस तसं न्हाई. हितं खायाला कमी नव्हतं. जवारी होती, दूध होतं, मावशी मायाळू होती."

"मंग?"

"पहिल्या दिवशी जेवाया बसलो. मावशीनं एक भाकरी वाढली. ती सरली. ती म्हणली, अजून पाहिजे का रं? म्या मान हलवली, न्हाई म्हणून. लोकांच्या घरी विचारलं की आधी न्हाई म्हणायचं, हे अव्वानंच शिकवलं होतं की आपल्याला. दुसऱ्यांदा इचारतील, तिसऱ्यांदा इचारतील, मंग घ्यायचं. मावशीला वाटलं, पोराचं पोटच लहान हाय. तिनं दुसऱ्यांदा इचारलंच न्हाई. त्या दिवसापासून एकच भाकरी. मावशी एकच वाढत गेली, मी दुसरी मागितली न्हाई. मंग भूकच तेवढी झाली."

 आप्पा काटा हातात घेऊन उभेच होते. मग त्यांनी तो खाली ठेवला.

"तू गेल्यावर अव्वा मला दोनदा वाढायची," ते म्हणाले. "एकदा वाढायची. ते सरलं की काय बी न बोलता पुन्हा वाढायची. म्या पोट भरलं म्हणलं की तिचे डोळे भरून यायचे. मला वाटायचं, मी न खाल्ल्यानं ती रडून राहिली. म्हणून खायचो. लई दुखायचं पोट, तरी खायचो." त्यांनी भावाकडे बघितलं. "ती तुझं वाढत होती रं. माझ्या ताटात तुझं वाढत होती."

तात्यांनी मान खाली घातली. दोघा म्हाताऱ्यांचे डोळे वाहत होते आणि पुसायचं कुणाच्या ध्यानात नव्हतं.  अव्वांनी ते वाढणं सुनेला शिकवलं, म्हणजे काकूंना. काकूंनी वहिनींना शिकवलं. त्या घरात इतकी वर्षं, माझ्यासकट सगळे, एका दूर गेलेल्या पोराच्या वाट्याचं खात होतो, आणि त्याचं कारण कुणालाच माहीत नव्हतं. रक्ताचं किती आणि ताटाचं किती, हे मला आजही नेमकं सांगता येणार नाही. पण ताटात काय काय वाढलं जातं, ते मी कुठल्याही पुस्तकात वाचलं नव्हतं.

तात्यांच्या पत्नीने आतून जेवायला हाक मारली. आम्ही ओळीने बसलो. ताटात पिठलं होतं, शेंगदाण्याची चटणी होती, कांदा होता. भाकरी मात्र नव्हती. भाकरीची टोपली तात्या स्वतः घेऊन आले.

"आमच्या घरात एक नेम हाय," ते शिवानीसमोर उकिडवे बसत म्हणाले. "मला कुणी पुन्हा इचारलं न्हाई, म्हणून मी रोज सगळ्यांला इचारतो. आन् हितं न्हाई म्हणलं म्हणजे न्हाई, हाव म्हणलं म्हणजे हाव. कुणी दुसऱ्यांदा भरीस पाडायचं न्हाई, कुणी लाजायचं न्हाई. सांग बाळ, किती वाढू?"

शिवानी त्यांच्याकडे बघत राहिली. मला वाटतं, तिला आयुष्यात हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. तिनं पोटावर हात ठेवला. खरोखर विचार केला. मग म्हणाली, "दीड."

तात्यांनी एक भाकरी ठेवली आणि दुसरी मोडून अर्धी ठेवली. पुढे काही म्हणाले नाहीत, तिच्याकडे बघतही बसले नाहीत. तिनं पहिला घास मोडला, पिठल्यात बुडवला, खाल्ला. मग दुसरा खाल्ला. ओढणी खांद्यावर होती तिथेच राहिली. मी माझ्या ताटाकडे बघत होते, कारण तिच्याकडे बघितलं असतं तर मला रडू आवरलं नसतं.

तात्यांनी मला विचारलं. मी एक सांगितली. मग ते आप्पांपाशी आले आणि सवयीनं असेल, मोठा भाऊ म्हणून असेल, त्यांनी न विचारताच टोपलीतून दोन भाकरी उचलल्या. आप्पांनी ताटावर आडवा हात धरला.

"मला बी इचार की रं."

तात्या थबकले. भाकरी टोपलीत परत ठेवल्या. "अण्णा, किती वाढू?"

 शिवानीनं धरला होता तसा आप्पांनीही पोटावर हात धरला, डोळे मिटून बघितलं. मूठभर तुरीवरून अख्ख्या गाडीचा अंदाज सांगणारा तो माणूस आता स्वतःच्याच पोटाचा अंदाज घेत होता. मग त्यांनी डोळे उघडले आणि भावाकडे बघितलं.

"मला कळंनाच झालंय रं," ते म्हणाले. "भूक किती लागली, हे मला कधी ठाऊकच न्हाई."

तात्या त्यांच्या शेजारी मांडी घालून बसले. एक भाकरी मोडली आणि अर्धी त्यांच्या ताटात ठेवली.

"एवढी खा," ते म्हणाले. "लागली तर माग."